चौकट एक, पाय दोन

आमच्या लेकीचं उजवं पाऊल जन्मतः आत आणि खाली वळलेलं होतं. क्लबफूट. दुसऱ्या आठवड्यातच पोन्सेटी पद्धतीची प्लास्टरं सुरू झाली. पार मांडीपर्यंत, गुडघा काटकोनात ठेवून, दर आठवड्याला एक अशी सहा. मग टाचेमागची आखडलेली शीर छोट्याशा छेदानं मोकळी केली, 3 आठवडे शेवटचं प्लास्टर ठेवलं, आणि ते निघालं तेव्हा पाऊल सरळ होतं. इथवर माझी कुणाबद्दल तक्रार नाही. प्लास्टर घालणाऱ्या डॉक्टरांचा हात इतका हलका होता की लेक कधीकधी त्यातच झोपून जायची.

खरा लांबचा पल्ला ब्रेसचा. दोन बूट आणि त्यांना जोडणारी दांडी. पहिले 3 महिने दिवसाचे 23 तास, नंतर रात्र आणि दुपारची झोप मिळून 12 ते 14 तास, तेही मूल चार-पाच वर्षांचं होईपर्यंत. सरळ झालेलं पाऊल पुन्हा आत वळू पाहतं, आणि ते वळण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे ब्रेसमध्ये पडलेला खंड. हे आम्हाला पहिल्या दिवसापासून बजावलं होतं. आंघोळीचा एक तास आम्ही घड्याळ लावून मोजायचो.

आणि तरीही आमच्याकडे खंड पडला. कशामुळे, तर एका फॉर्ममुळे.

लेक पाचव्या महिन्यात होती, म्हणजे 23 तासांचेच दिवस चालू होते. एका संध्याकाळी तिची बोटं बुटाच्या पुढच्या कडेवरून खाली वळलेली दिसली. बूट लहान झाले. दुसऱ्या दिवशी सकाळीच रुग्णालयातल्या ब्रेसच्या विभागात गेलो. नवा नंबर हवा तर फॉर्म हवा, फॉर्मवर डॉक्टरांची सही हवी, आणि क्लबफूटची ओपीडी आठवड्यातून एकच दिवस. त्यात 6 दिवस गेले.

फॉर्मवर 'कोन' अशी एकच चौकट होती. एकाच पायाला क्लबफूट असेल तर दांडीवर दोन बूट वेगवेगळ्या कोनांत बसवतात. उपचार झालेला पाय 60 ते 70 अंश बाहेर, चांगला पाय 30 ते 40. डॉक्टरांनी त्या चौकटीत लिहिलं, 'उजवा 70, डावा 40.' काउंटरवरच्या मॅडमनी फॉर्म परत सरकवला.

"अहो, इथे एकच आकडा लागतो. दोन घेत नाही कॉम्प्युटर."

"मॅडम, दोन पायांचे कोन वेगळे आहेत."

"मग डॉक्टरांकडून एक कुठलातरी नक्की करून आणा."

तोवर ओपीडी संपली होती. दुसऱ्या दिवशी वॉर्डात जे डॉक्टर होते त्यांनी नवा फॉर्म घेतला, 70 लिहिलं आणि सही केली. मीही तो तसाच देऊन आलो, कारण मला बूट हवे होते. बाराव्या दिवशी ब्रेस आला. दांडीच्या टोकांना अंशांच्या खुणा असतात, त्या मी तिथेच वाचल्या. दोन्ही बूट 70 वर. बदलून द्या म्हटलं, तर तो वर्कशॉपला परत जाईल, नवा फॉर्म लागेल. बरोबर ब्रेस हातात आला सतराव्या दिवशी. नंतर आमच्या डॉक्टरांनी सांगितलं की कोन बदलणं हे पान्यानं स्क्रू सैल करून दोन मिनिटांचं काम आहे. तो पाना काउंटरवर नव्हता. मला आजही त्या दोन मिनिटांचा राग येतो.

त्या 17 दिवसांतले पहिले 10 आम्ही जुनेच बूट रेटले. टाच खाली बसेना, वर सरकून घासायला लागली आणि अकराव्या दिवशी टाचेवर फोड आला. ब्रेस काढावाच लागला. माझी आई म्हणाली, "पोरगी जरा मोकळी राहील तेवढीच." पण कपडे बदलताना बायकोनं पाऊल हातात धरलं आणि म्हणाली, "हे आधीसारखं बाहेर वळत नाहीये रे." तिचं खरं होतं. पुन्हा दोन प्लास्टरं, एकेका आठवड्याची. ती घालताना लेक पहिल्यांदाच रडून लाल झाली. पाच महिन्यांचं मूल आता माणसं ओळखायला लागलेलं असतं.

त्या फॉर्मच्या माथ्यावर 'पादत्राणे' असं छापलेलं आहे. मला वाटतं सगळी गडबड तिथेच आहे. ब्रेस हे औषध आहे. इंजेक्शनसाठी कुणी सतरा दिवस थांबायला लावत नाही. इग्नासिओ पोन्सेटी यांनी 1940च्या दशकाच्या अखेरीस आयोवा विद्यापीठात ही पद्धत बसवली, तेव्हापासून ब्रेस तिचाच भाग आहे.

म्हणून सांगतो, बोटं कडेला टेकायची वाट पाहू नका. पुढे थोडीच जागा उरली की फॉर्म भरा. फॉर्मवर दोन्ही कोन लिहून घ्या, जागा नसली तर मागच्या बाजूला, सहीसकट, आणि त्याचा फोटो काढून ठेवा. दांडीची लांबीही मोजायला सांगा, ती मुलाच्या खांद्यांच्या रुंदीइतकी हवी. लहान राहिली तर मूल अस्वस्थ होतं. आणि अडलं तर ओपीडीच्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. मी ते केलं नाही.

बुटाच्या मागच्या भोकातून टाच दिसली पाहिजे. बूट चढवताना गुडघा वाकवा, टाच खाली दाबा, आधी मधला पट्टा ओढा, मग बाकीचे. टाच घासून फोड येत असेल तर पट्टा बहुतेक वेळा सैल असतो, घट्ट नाही. आम्ही हे उलट समजत होतो. लाल झालेल्या जागी क्रीम चोपडू नका, कातडी आणखी नाजूक होते. पहिल्या दोन-तीन रात्री मूल रडतं. ब्रेस काढून रडणं थांबवलं की पुढच्या रात्री ते जास्त रडतं, म्हणून दोन्ही पाय दांडीसकट एकत्र वर-खाली हलवून खेळवा. एकेक पाय वेगळा मारता येत नाही हे तिला त्या खेळातूनच कळलं. हो, दांडीला कापड गुंडाळा. आमच्या पलंगाच्या कठड्याचा रंग तिनं पहिल्या आठवड्यातच उडवला होता.

आता ती साडेतीन वर्षांची आहे. तपासणी 6 महिन्यांनी असते. डॉक्टर तिला चालायला लावतात, उकिडवं बसवतात, दोन्ही टाचा जमिनीला टेकतात का ते बघतात. टेकतात. रात्री मधला पट्टा ती स्वतः ओढते आणि मला टाच बघायला लावते. मागच्या महिन्यात नव्या नंबरचे बूट आणले. सध्याच्या बुटांत अजून बोटभर जागा आहे, नवे कपाटात ठेवलेत. फॉर्मवर कोनाची चौकट अजून एकच आहे, त्याबद्दलचा माझा दुसरा लेखी अर्ज त्या विभागात पडून आहे.