भुताला खळ

भूत ताठ उभं राहायचं तर त्याला खळ घालावी लागते, हे मला न्यू जर्सीत येईपर्यंत ठाऊक नव्हतं.

हॅलोविनच्या आधीच्या शनिवारी लेकीने फर्मान काढलं, दुकानातलं काही आणायचं नाही, सगळं घरीच करायचं. पांढरं, पातळ कापड शोधताना हाती लागलं ते आईने पुण्याहून आणलेलं चक्का टांगायचं फडकं. कॉर्नफ्लोअरची खळ शिजवली, फडकं त्यात बुचकळून पिळलं. बाटलीच्या तोंडावर चेंडू चिकटवून डोकं केलं, दोन्ही बाजूंना तारेचे हात. त्यावर ते पांघरून रात्रभर वाळू द्यायचं आणि सकाळी बाटली अलगद काढून घ्यायची. भूत आतून पोकळ, तरी उभं!

खळीचं पातेलं दिसताच आई डाव घेऊन पुढे सरसावली. सुती साड्यांना खळ घालण्यात तिची हयात गेलेली. "गुठळ्या राहिल्या तर डाग पडतील," ती म्हणाली. भुताला डाग पडलेले चालतात, हे सांगायची माझी हिंमत झाली नाही.

वाळल्यावर तिने त्याला चहूबाजूंनी निरखलं. "हा कोण? मुंजा की समंध?"

"आजी, इट्स जस्ट अ घोस्ट."

आईला ते पटेना. नुसतं भूत म्हणजे काय? मुंजा असेल तर पिंपळ हवा. हडळ असेल तर पाय उलटे हवेत, आणि इथे बघायला पायच नाहीत. मरताना काय राहून गेलं, कशापायी अडकलंय, काहीच माहीत नाही. असल्या बिनओळखीच्या भुताला घाबरायचं तरी कसं? मला तिचं म्हणणं पटलं. शिवाय ज्याची खळ आपणच ढवळली, त्याची भीती बसणं तसंही अवघडच.

बाकी सजावट पटापट झाली. अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या तीन-तीन वाट्या कापून काळ्या रंगवल्या, वटवाघळं झाली. टॉयलेट पेपरच्या नळ्यांना डोळ्यांची भोकं पाडून आत चमकत्या कांड्या घातल्या आणि त्या झुडपांत खोचल्या. भोपळा कोरला. आयर्लंडमध्ये म्हणे पूर्वी सलगम कोरायचे. ती माणसं अमेरिकेत आली आणि त्यांना हा मऊ, मोठा भोपळा सापडला. आईने आतल्या गराचे घारगे करायला घेतले, पण कोरायचा भोपळा पाणचट असतो. पीठ घालून घालून ती दमली.

जळमटांवरून मात्र वाजलं. दिवाळी म्हणून तिने आदल्याच दिवशी कोपरा न् कोपरा झाडून काढला होता, आणि नात कापूस ताणून दारावर नवी जळमटं लावत होती. तडजोड अशी झाली की जळमटं उंबऱ्याबाहेरच राहतील.

ते २०२४ साल होतं. नरकचतुर्दशी नेमकी ३१ ऑक्टोबरला, हॅलोविनच्याच दिवशी आली. पहाटे उटणं लावून आम्ही नरकासुराला निरोप दिला आणि संध्याकाळी दारात पणतीशेजारी भूत मांडलं. चॉकलेटं मागायला आलेल्या पोरांपैकी एकाने त्याला बोट लावून पाहिलं. ते कडक निघालं तसा तो दोन पावलं मागे सरला. आईचा चेहरा खुलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने भुताला कोमट पाण्यात बुडवलं. डोकं विरलं, मग हात. "नीट धू," ती म्हणाली, "उद्या पाडवा. श्रीखंडाला दही टांगायचंय."