शून्य वापर

गेल्या महिन्यात आमच्या तालुक्याच्या शिक्षकांच्या ग्रुपवर एक यादी पडली. वर लिहिलेलं, "वर्गात तंत्रज्ञानाचा शून्य वापर", खाली अकरा शाळा आणि प्रत्येक शाळेपुढे शिक्षकाचं नाव. तिसरं नाव ज्या गुरुजींचं होतं त्यांच्या वर्गात मी स्वतः सव्वा तास बसून आले होते, आणि ते शून्य मीच भरलं होतं. तेव्हापासून डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितेय.

मी गटसाधन केंद्रात, म्हणजे शिक्षण खात्याच्या तालुक्यातल्या मदत केंद्रात, साधनव्यक्ती आहे, करारावर, बारा वर्षं झाली. काम म्हणजे शिक्षकांचं ट्रेनिंग घेणं, मग शाळाभेटी, मग त्या भेटी ॲपमध्ये भरणं. बाहेरच्यांना वाटतं ट्रेनिंग म्हणजे शिकवणं, पण अर्धा जीव लिंक भरून घेण्यात जातो. सकाळची हजेरी, पूर्वचाचणी, दुपारची हजेरी, उत्तरचाचणी, अभिप्राय, प्रत्येकाची वेगळी लिंक, आणि आमच्या हॉलमध्ये रेंज फक्त एका खिडकीपाशी, त्यामुळे चार वाजले की 42 शिक्षक फोन उंच धरून त्या खिडकीशी उभे. उत्तरांचा स्क्रीनशॉट पाच मिनिटांत ग्रुपवर फिरतो, हे मला माहीत आहे, वरच्यांनाही माहीत आहे, तरी सगळ्यांना वीसपैकी अठरा पडले की अहवालात "प्रशिक्षण यशस्वी" असं जातं. 2020 च्या शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान 50 तास व्यावसायिक विकासासाठी मिळावेत असं म्हटलंय. चांगलीच गोष्ट आहे ती, पण तास मोजायला सोपे, म्हणून आम्ही तासच मोजत बसलो.

जुलैमधलं ट्रेनिंग तीन दिवसांचं होतं आणि मी मनापासून तयारी केली होती. फेटची (PhET) सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर हाताळून बघायचे विज्ञान-गणिताचे प्रयोग, कोलोरॅडो विद्यापीठाची, फुकट आहेत आणि बरीचशी मराठीतही आहेत, एकेक फाईल उतरवून ठेवली की नेट नसतानाही ब्राउझरमध्ये चालते. ती सगळी मी पेनड्राईव्हवर भरून नेली, पेनड्राईव्ह माझ्या पैशाने. दीक्षा या सरकारी शिक्षण-ॲपवर पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करून साहित्य आदल्या दिवशीच रेंजमध्ये असताना उतरवून ठेवायचं, हे प्रत्येकाच्या फोनवर करून घेतलं. डिसले गुरुजींचं उदाहरण दिलं, परितेवाडीच्या शाळेत क्यूआर कोड आधी कसे आले आणि राज्याच्या पुस्तकांत नंतर, आणि त्यांना मिळालेलं 2020 चं ग्लोबल टीचर प्राइझ. एक स्लाइड तीन वर्तुळांची होती. विषयाचं ज्ञान, शिकवण्याचं ज्ञान, तंत्रज्ञानाचं ज्ञान, तिन्ही एकमेकांवर येतात ती मधली जागा. मिश्रा आणि कोहलर यांनी 2006 मध्ये मांडलेली ही चौकट. ती मी दोन मिनिटांत उरकली, कारण पुढे ॲपचा डेमो होता.

दुसऱ्या दिवशी मागच्या रांगेतून यादीतले ते तिसरे गुरुजी उठले. द्विशिक्षकी शाळा, डोंगराच्या पलीकडच्या पाड्यावरची. म्हणाले, "मॅडम, व्हिडिओ लावायला येतो आता सगळ्यांना. तो मध्येच थांबवून पोरांना काय विचारायचं, ते घ्या ना." मी म्हटलं, "गुरुजी, ते नंतर घेऊ." नंतर काही ते घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी उत्तरचाचणी झाली आणि त्यांना वीसपैकी नऊ पडले. त्यांनी ग्रुपवरचा स्क्रीनशॉट उघडलाच नव्हता, हे मला नंतर कळलं. अहवालात त्यांच्या नावापुढे मी "पुनर्प्रशिक्षण आवश्यक" असं लिहिलं.

मग सप्टेंबरमध्ये भेटीला गेले. त्या दिवशीची ती तिसरी शाळा, स्कूटी खाली फरशी पुलापाशी लावून वर चालत गेले, पाऊस थांबलेला. गुरुजींकडे पहिली ते चौथीतले तिसरी-चौथीचे वर्ग, सतरा पोरं. भिंतीवर लोकवर्गणीचा बत्तीस इंची टीव्ही. टीव्ही साधाच, पण मागे चार-पाचशे रुपयांचं डोंगल लावलेलं, ज्याने फोनचा पडदा टीव्हीवर दिसतो आणि त्याला इंटरनेटची गरज नसते. खाली बुटक्या टेबलावर पीव्हीसी पाईपचा स्टँड, प्लंबरकडून आणलेले दोन एल्बो आणि एक टी, आणि वरच्या आडव्या पाईपला दोन रबरबँडांनी फोन आडवा बांधलेला, कॅमेरा खाली बघणारा.

त्या कॅमेऱ्याखाली त्यांनी एक पाटी ठेवली. वही का नाही, तर पेन्सिलीचं अक्षर कॅमेऱ्यात फिकट येतं, पाटीवरचं पांढरं ठसठशीत दिसतं. पाटी खिडकीकडे किंचित तिरकी, नाहीतर चमक येते. फोकस बोटाने दाबून लॉक केलेला, म्हणजे मध्ये हात आला तरी चित्र धूसर होत नाही. हे सगळं त्यांचं त्यांनी शोधलेलं, मी तीन दिवसांत यातलं एक अक्षर शिकवलं नव्हतं. आणि पाटीच्या वरच्या कोपऱ्यावर खडूची पेटी ठेवलेली. मला आधी कळेना ती कशाला. तिथे मुलीचं नाव होतं, ते झाकायला.

पाटीवर गणित होतं 402 वजा 178. उत्तर लिहिलेलं 376.

शिकवणाऱ्याला हे उत्तर लगेच ओळखू येतं. दोनातून आठ जात नाहीत तर आठातून दोन काढले, शून्यातून सात जात नाहीत तर सातातून शून्य, प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा. याला चूक म्हणून फुली मारली की संपतं, पण त्यामागे पोराचा एक पक्का नियम असतो आणि तो नियम फुलीने मरत नाही. त्यात मधलं शून्य हे तिसरीतलं सगळ्यात अवघड, दशकात सोडवायला काही नसतंच, आधी शतक सोडवून दहा दशक करायचे आणि मग त्यातला एक दशक सोडवून दहा एकक. किती शाळांमध्ये हे नुसतं "शून्यावर नऊ होतात" असं पाठ करून घेतलं जातं, मी दर महिन्याला बघते.

गुरुजी काहीच बोलले नाहीत. टीव्हीवर पाटी मोठी दिसत होती, सतरा पोरं बघत होती. म्हणाले, "ज्याने हे सोडवलं त्याने काय विचार केला असेल?" उत्तर बरोबर की चूक हे विचारलंच नाही. एक पोरगा म्हणाला, "मोठ्यातून बारका काढला." दुसरी म्हणाली, "मग ते 178 मिळवून बघू ना." मिळवले तर आले 554. आणि वर्ग गप्प, अगदी गप्प, मी इतक्या वर्षांत वजाबाकीवर वर्ग असा गप्प झालेला बघितला नाही. मग एक मुलगी उठली, पुढे आली, खडूची पेटी स्वतः उचलून बाजूला ठेवली आणि म्हणाली, "माझं हाये ते." तिने शंभराच्या चार आणि एकाच्या दोन खोट्या नोटा घेतल्या, शंभराची एक गुरुजींकडून सुटी करून घेतली, दहाच्या दहा, त्यातली एक परत सुटी केली, आणि कॅमेऱ्याखाली एकेक ठेवत 224 पर्यंत आली. टीव्हीवर फक्त तिचे हात दिसत होते.

ती मधली जागा, तीन वर्तुळांची, ती हीच होती. मी स्लाइडवर दाखवते, प्रत्यक्षात पहिल्यांदा बघितली.

बाहेर आले आणि फॉर्म उघडला. स्कॅन केलेल्या क्यूआर कोडची संख्या. दाखवलेलं ई-साहित्य, मिनिटांत. शिक्षकनिर्मित व्हिडिओ, संख्या. तिन्ही रकाने आकड्याचेच आणि सक्तीचे. मी तीनदा शून्य टाकलं. खाली शेऱ्याच्या चौकटीत दोन ओळी चांगल्या लिहिल्या, फोटो जोडला, घाटातल्या वळणावर रेंज आली तिथे थांबून सबमिट केलं. मला वाटलं शेरा कोणीतरी वाचेल. शेरा कोणी वाचत नाही, आकड्यांचीच एक्सेल निघते, बारा वर्षं या कामात असून मी हे विसरले असं म्हणता येणार नाही. मला माहीत होतं.

यादी पडली त्या संध्याकाळी गुरुजींचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता. एवढंच म्हणाले, "मॅडम, तुम्ही बसला होतात ना त्या दिवशी?" मी हो म्हटलं. त्यांच्याकडून लेखी खुलासा मागवला होता, तो कसा लिहायचा ते विचारत होते. पंचवीस वर्षं नोकरी झालेला माणूस, मी बघितलेल्या तासाचा खुलासा मलाच विचारून लिहित होता.

मी वर लेखी कळवलं. उत्तर आलं की फॉर्म राज्यावरून येतो, रकाने बदलता येत नाहीत. एक सहकारी म्हणाले, "मग लावून टाकायचे होते दोन व्हिडिओ, काय जात होतं?" आमच्याकडचे बरेच लोक मनापासून असाच विचार करतात आणि त्यांचे आकडे छान असतात. ज्या शाळेचे व्हिडिओ तालुक्यात सगळ्यात जास्त, तिथेही मी गेले होते, पोरं अपूर्णांकांच्या व्हिडिओतल्या बाईंबरोबर एका सुरात म्हणत होती आणि व्हिडिओ बंद केल्यावर पाव मोठा की अर्धा हे चार पोरांनाही सांगता आलं नाही. त्यांच्या फॉर्मवर मी 40 मिनिटं भरली. तेही खरंच होतं.

दिवाळीनंतरच्या ट्रेनिंगमध्ये एक सत्र घ्या म्हणून गुरुजींना विचारलं. नको म्हणाले. "हॉलमध्ये पोरं नसतात, मी काय दाखवू? ज्यांना बघायचंय त्यांना घेऊन शाळेत या." तीन शिक्षक तयार झालेत, पेट्रोल आपापलं. गुरुजींची एकच अट आहे, वर्गात कोणी फोटो काढायचा नाही, पोरांचं लक्ष जातं. फोटोशिवाय भेट ॲपमध्ये भरता येत नाही. मी त्या दिवसाची किरकोळ रजा टाकली आहे.