तर्कुमियाच्या नाक्यावर मदतीच्या ट्रकांसोबत : माझा अनुभव

इथे इस्रायलमधल्या लोद, अश्दोद, बेरशेबाच्या आपल्या मराठी मंडळींनी आणि तिकडे ठाण्या-पेणच्या नातेवाइकांनीही बऱ्याचदा विचारलंय की गाझाला मदत नेणारे ट्रक वाचवायच्या त्या आंदोलनात तू गेलीस म्हणजे नक्की केलंस काय, कोण नेतं, पोलीस पकडत नाहीत का, दगड खायला लागतात का. म्हणून एकदाच सगळं नीट लिहितेय. मी बेने इस्रायल, म्हणजे महाराष्ट्रातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातली, जन्म ठाण्याचा, नव्वदच्या दशकात इकडे आले आणि आता लोदला राहते. लोदमध्ये ज्यू आणि अरब एकाच गावात, कधीकधी एकाच जिन्यात राहतात, त्यामुळे गाझा आमच्यासाठी फक्त टीव्हीवरची गोष्ट नाही. माझा भाचा मिलुईमला (म्हणजे राखीव सैन्यात) जाऊन आला आणि समोरच्या घरातल्या बाईंचे नातेवाईक गाझात आहेत, दोन्ही घरांतली काळजी मी रोज बघते.

थोडं आधीचं सांगते. गाझाची नाकेबंदी २००७ पासून आहे, काय आत जायचं आणि काय नाही ते तेव्हापासून बाहेरूनच ठरतं. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने सुमारे १२०० माणसं मारली, २५१ जणांना ओलीस नेलं, तो दिवस इथे कोणी विसरलेलं नाही आणि मीही नाही. दोनच दिवसांनी संरक्षणमंत्र्यांनी जाहीर केलं की गाझाला वीज नाही, अन्न नाही, इंधन नाही. नंतर थोडे ट्रक सुरू झाले, पण युद्धाआधी रोज साधारण ५०० ट्रक जायचे त्याच्या मानाने काहीच नाही. मे २०२४ मध्ये इस्रायली सैन्याने इजिप्तकडून गाझात जायचा रफाहचा दरवाजा ताब्यात घेतला आणि तो रस्ता बंदच झाला. मग जॉर्डनहून वेस्ट बँकमधून येणारे ट्रक फार महत्त्वाचे झाले, ते हेब्रॉनच्या पश्चिमेला तर्कुमियाच्या नाक्यावरून इस्रायलमध्ये शिरायचे आणि पुढे गाझाच्या हद्दीवरच्या केरेम शालोम नाक्याला जायचे.

आणि नेमकं तिथेच आमच्याच देशातले लोक ते अडवायला लागले. ‘त्साव ९’ नावाचा गट होता, त्यात काही ओलिसांचे नातेवाईक, काही सैनिकांचे आईबाप, बरेच उजव्या विचाराचे आणि वेस्ट बँकमधल्या ज्यू वसाहतींमधले तरुण. त्यांचं म्हणणं असं की ही मदत हमासला मिळते, ओलीस सुटेपर्यंत एक दाणा आत जाता कामा नये. १३ मे २०२४ ला तर्कुमियाला ट्रक अडवून खोके रस्त्यावर फेकले, पोती फाडली, नंतर ट्रक पेटवले. ते व्हिडिओ मी ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत बघितले आणि पुढे जेवण गेलंच नाही. आमच्या आजीकडे अन्नाला चुकून पाय लागला तरी वाकून हात लावून तो डोळ्यांना लावायचे, आणि इथे पोरं मुद्दाम चालत होती त्या पिठावरून.

‘स्टँडिंग टुगेदर’ ही ज्यू आणि अरब नागरिकांची एकत्र संघटना, २०१५ पासून आहे, जांभळा रंग त्यांचा. त्यांनी त्याच आठवड्यात आवाहन केलं की तर्कुमियाला रोज माणसं हवीत, ट्रकवाले आणि हल्ला करणारे यांच्या मध्ये उभी राहायला. ऑनलाइन फॉर्म होता, नाव, फोन, कुठून येणार, कोणते दिवस जमेल, अरबी येतं का, गाडी आहे का. फॉर्म भरला की व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घेतात आणि आदल्या दिवशी कळवतात की बस कुठून किती वाजता. मी कामावर सुट्टी टाकली, घरी सांगितलं. नवऱ्याने एवढंच विचारलं की एकटी जाणार का, मी म्हटलं नाही, समोरच्या घरातली सून येतेय, मग त्याने काही म्हटलं नाही, पाण्याच्या बाटल्या भरून दिल्या.

बसमध्येच सगळं समजावतात आणि हा भाग मला सगळ्यात जास्त सांगावासा वाटतो, कारण लोकांना वाटतं आपण तिथे भांडायला जातो. पहिली गोष्ट, कोणाला हात लावायचा नाही, ढकललं तरी उलट ढकलायचं नाही. दुसरं म्हणजे वाद घालायचा नाही, ते काहीही बोलले तरी. कायम जोडीने राहायचं, जोडीदार दिसेनासा झाला तर लगेच हाक मारायची. फोन चार्ज हवा आणि काही घडलं की रेकॉर्डिंग चालू. वकिलाचा नंबर पेनाने हातावर लिहून घेतला, कारण फोन काढून घेतला तर नंबर कोणाला पाठ असतो. ज्यांना अटकेचा धोका नको, म्हणजे कोणाची नोकरी, कोणाची लहान मुलं, कोणाचं नागरिकत्वाचं काही, त्यांनी मागे उभं राहायचं आणि त्यात कमीपणा काही नाही हे दोनदा सांगितलं. हे ऐकताना मला शाळेतला महाडचा धडा आठवत होता, १९२७ चा चवदार तळ्याचा, मार खाल्ला पण हात उचलला नाही. आमच्या स्वतःच्या समाजाचंही आहे की, १९६४ ला बेने इस्रायल लोकांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं होतं, कारण इथले रब्बी लग्नाच्या वेळी आम्हाला पूर्ण ज्यू मानायला तयार नव्हते, शेवटी क्नेसेतने (इथल्या संसदेने) आमच्या बाजूने ठराव केला. आमच्या घरात ते मोठ्या अभिमानाने सांगतात. म्हणून रस्त्यावर बसणं आपल्यात नाही असं कोणी म्हटलं की मला पटत नाही.

तर्कुमियाला मे महिन्यात ऊन फार, सावली नाहीच. नाक्याच्या अलीकडे रस्त्याकडेला आम्ही जांभळे टी-शर्ट घालून उभे, समोरच्या बाजूला ते लोक झेंडे घेऊन, मध्ये पोलीस. बराच वेळ काहीच होत नाही, नुसतं उभं राहायचं. मग कोणीतरी ओरडतं ट्रक आला, आणि दोन्हीकडचे एकदम हलतात. आम्ही ट्रकच्या बाजूने चालायचं, केबिनच्या दाराजवळ चार-पाच जण, कारण राग आधी ड्रायव्हरवर निघतो. ड्रायव्हर बहुतेक हेब्रॉनकडचे पॅलेस्टिनी, मार खाल्लेले, काच खाली करायलाही घाबरत होते. एक दगड बॉनेटवर आपटला तेव्हा माझे पाय लटपटले, पण समोरच्या सुनेने हात घट्ट धरला होता. एका ट्रकमधून आधी फेकलेली साखरेची आणि तांदळाची पोती पडलेली होती, ज्यांना जमेल त्यांनी उचलून परत चढवली, फाटलेली चिकटपट्टीने बांधली. पोतं जड असतं, दोघींनी मिळून उचलायला लागतं, कमर दुखली, पण ते पोतं आत जाताना बघून जे वाटलं ते कुठल्या भाषणाने वाटलं नव्हतं.

एक पोरगा माझ्या तोंडासमोर येऊन ओरडत होता की माझा मित्र तिथे बोगद्यात आहे आणि तू त्याच्या शत्रूला जेवायला घालतेस. मी काही बोलले नाही, तसं शिकवलंच होतं. पण इथे सांगते. त्याचा मित्र घरी यावा असं मलाही मनापासून वाटत होतं, ओलीस ठेवणं हा गुन्हाच. पण गाझातलं दोन वर्षांचं पोर उपाशी ठेवून कोणता ओलीस सुटतो? आत अन्न संपलं की ओलीससुद्धा उपाशी राहतो, सुटून आलेल्यांनी स्वतः ते सांगितलंय. आणि अन्न अडवणं हे युद्धातलं शस्त्र करायचं नाही हा नियम आपल्या बाजूने असला तरच पाळायचा असं नसतं.

पोलिसांबद्दल विचारतात म्हणून. आमच्यामुळे एक झालं, कॅमेरे आणि साक्षीदार भरपूर असले की पोलीस रस्ता मोकळा करायला लागले, त्यानंतर ट्रक सुरळीत जायला लागले. जून २०२४ मध्ये अमेरिकेने त्साव ९ वर निर्बंध घातले. कायद्याचं असं आहे की इथे ५० किंवा त्याहून जास्त माणसांची उघड्यावर राजकीय भाषणं किंवा मोर्चा असेल तर पोलिसांचा परवाना लागतो, तो संघटनाच काढते. नुसतं गप्प उभं राहायचं असेल, भाषण नाही, चालणं नाही, तर परवाना लागत नाही.

तसं गप्प उभं राहणं मी २०२५ मध्ये केलं. २ मार्च २०२५ पासून सरकारने सगळंच बंद केलं, पीठ, औषधं, इंधन, अकरा आठवडे काहीच आत नाही. आता अडवणारे रस्त्यावरचे तरुण नव्हते, सरकारच होतं, ट्रकसोबत चालून काय करणार, ट्रकच नव्हता. मग तेल अवीवला शनिवारी रात्री मारल्या गेलेल्या मुलांचे फोटो हातात धरून उभं राहायचं. माझ्या वाट्याला आला तो फोटो वेण्या घातलेल्या मुलीचा, खाली नाव आणि वय. येणारे जाणारे शिव्या द्यायचे, काही थांबून बघायचे, एक बाई रडायला लागली. जुलैमध्ये भूक वाढल्यावर पिठाच्या पिशव्या घेऊन मोर्चा निघाला, त्यात मी चालले. २२ ऑगस्टला गाझा शहराच्या भागात दुष्काळ अधिकृतपणे जाहीर झाला, म्हणजे आम्ही मार्चपासून जे ओरडत होतो ते कागदावर यायला इतके महिने लागले, आणि त्या महिन्यांत जी पोरं गेली ती गेली. याचा राग मला अजून आहे.

आता ज्यांना यायचंय त्यांच्यासाठी. हिब्रू मोडकंतोडकं असलं तरी चालतं, माझं अरबी चार शब्दांचं आहे. सत्तरीतल्या बायकाही येतात, त्यांना खुर्ची देतात. टोपी, पाणी, बंद बूट, सोन्याचं काही घालू नका, ओळखपत्र जवळ ठेवा. घरात वाद होणार हे धरून चला, आमच्याकडे भाच्याने दोन महिने फोन उचलला नाही, आता बोलतो. व्हिसावर काम करणाऱ्यांनी, म्हणजे भारतातून आलेल्या केअरगिव्हर आणि बांधकामावरच्या मुलांनी, आधी वकिलाला विचारल्याशिवाय येऊ नये, पकडलं तर त्यांचं नुकसान आमच्यापेक्षा फार मोठं होईल. त्यांना मदतच करायची असेल तर बसमधल्या लोकांसाठी डबे करून द्या, मागच्या वेळी दिमोनाच्या काकूंनी पोळी-भाजी पाठवली होती, सगळ्यांनी खाल्ली.