बेटाच्या नादी लागू नका: तळ्यावरच्या कार्प स्पर्धेचा वृत्तांत

कार्प मासे गळाने धरण्याच्या स्पर्धेला पहिल्यांदा जाणार असाल तर आधी एक ऐकून ठेवा. पेगच्या, म्हणजे काठावरच्या ठरलेल्या बसायच्या जागांच्या चिठ्ठ्या निघतात तेव्हा आजूबाजूला उभी असलेली मंडळी जे सांगतात, त्यावर काडीचाही विश्वास ठेवू नका. बेटासमोरचा पेग माझ्या वाट्याला आला तेव्हा दोघा-तिघांनी पाठ थोपटली. "लॉटरी लागली तुला! बेटाला चिकटवून फीडर टाक, दुसरं काही करूच नकोस." (फीडर म्हणजे इथे मेथड फीडर: दोरीला बांधलेलं वजन, ज्यावर चारा दाबून बसवतात.) सल्ला देणाऱ्यांपैकी कोणी त्या पेगवर पूर्ण स्पर्धा बसला असेल असं मला आता अजिबात वाटत नाही.

शिट्टी झाल्यावरचा पहिला तास मधल्या पाण्यात पोलवर, म्हणजे रीळ नसलेल्या लांब काठीवर, बरा गेला. छोटे मासे येत राहिले, त्यात सांगण्यासारखं काही नाही. खरा छळ पुढे.

बेट लांबून फार गोंडस दिसतं. झुडपं पाण्यावर वाकलेली, खाली सावली, मधूनच एखादी जाड पाठ वर येऊन जाते. पाण्याखाली मात्र तिथे नुसता उतार आहे. गुडघाभर पाण्यातून एकदम पुरुषभर खोल. मेथड फीडर त्या उतारावर थांबतच नाही. रॉडचं टोक ताणलेलं असतं, अचानक सैल पडून सरळ होतं. चावा आला म्हणून ओढावं तर मासा नाही, फीडरच घरंगळत आपल्याकडे आलेला. त्याच्यावर दाबून बसवलेले पेलेट (चाऱ्याच्या बारीक गोळ्या) वाटेत सांडलेले. आमिष तिकडे, चारा भलतीकडे, आणि कार्प त्या उतारावर सांडलेलं आरामात टिपत फिरतोय. ही गंमत मी दोन तास पाहत होतो आणि प्रत्येक फेकीला चिडत होतो.

त्यात भर म्हणजे खोटे चावे. टोक जोरात वाकतं आणि लगेच मागे येतं. हा चावा नव्हे, दोरीला घासून गेलेला मासा. त्यावर झटका मारला तर हुक पंखात नाहीतर अंगात रुततो, मासा वेड्यासारखा पळतो आणि बहुतेक वेळा सुटतो. कार्पने आमिष खरंच घेतलं आणि फीडरच्या वजनाने हुक बसला, की टोक वाकतं ते वाकलेलंच राहतं. तोपर्यंत हात मांडीखाली दाबून बसा. आणि खोटे चावे सारखे येत असतील तर त्याचा अर्थ सरळ आहे: मासे फीडरच्या पलीकडे नाहीत, तुमच्या आणि फीडरच्या मधे आहेत.

तेव्हा क्लिप, म्हणजे फेक ठरलेल्या अंतरावर थांबवणारी रिळावरची खूण, दोन मीटर अलीकडे घ्या. त्याआधी नुसतं शिसं बांधून खोली मोजा. शिसं पाण्यात पडल्यापासून दोर सैल होईपर्यंत मनात आकडे म्हणा. बेटाजवळ एक म्हणेपर्यंत तळ लागतो, उताराच्या पायथ्याशी तीन-चार म्हणावे लागतात. आकडा जिथे वाढायचा थांबतो, तिथे सपाट आहे. फीडर तिथेच. हुकलेंथ (फीडर आणि हुक यांच्यामधला दोरीचा तुकडा) 10 सेंमी ठेवा, लांब नको. हे काम शिट्टीच्या आधी मिळणाऱ्या वेळात करायचं. बहुतेक जण तो वेळ खुर्ची नीट लावण्यात आणि गप्पांत घालवतात.

पण माझी तराजूवरची इज्जत वाचवली ती पायाखालच्या काठाने. माझ्या गटात मी तिसरा आलो आणि वजनातला मोठा वाटा शेवटच्या तासाचा आहे. शेजारचा पेग रिकामा होता, त्या बाजूच्या लव्हाळ्याला लागून अर्धा मीटर खोलीचा सपाट तुकडा सापडला. तिथे सुरुवातीपासून मधूनमधून मूठभर चारा टाकत होतो, हुक मात्र टाकत नव्हतो. मग एक लव्हाळं हललं. वारा पडलेला होता आणि शेजारची पाती स्थिर होती. त्यानंतर गढूळ पाण्याचा ढग वर आला. असं दिसल्यावर घाई करू नका, अजून एक मूठ टाका आणि मगच हुक. हात अजून दुखतायत, पण अशा दुखण्याला माझी ना नाही!

काठावर मासे धरायचे तर हालचाल बंद. कार्पच्या हवेच्या पिशवीपासून आतल्या कानापर्यंत छोट्या हाडांची साखळी असते, त्यामुळे त्याचे कान भलतेच तिखट. डब्याचं झाकण आपटलं की लव्हाळी शांत. माझ्या पलीकडच्या गड्याने पेगवर पाय आपटत फोनवर बोलून स्वतःचा काठ पूर्ण रिकामा केला, बिचाऱ्याला कारणही कळलं नाही.

शेवटचं, कीपनेटबद्दल, म्हणजे धरलेले मासे वजन होईपर्यंत पाण्यात ठेवायच्या जाळीबद्दल. एका जाळीत किती वजन चालतं ते सुरुवातीलाच विचारून घ्या आणि प्रत्येक माशागणिक अंदाज मांडत जा. मर्यादेच्या वर गेलेलं वजन धरत नाहीत. कोणाचं ऐकून घेत नाहीत, वाद घालून फक्त रांग लांबते. अंदाज मांडताना नेहमी थोडा जास्तच धरा. मर्यादा जवळ आली की दुसरी जाळी उघडा, ती पहिल्यापासूनच पाण्यात सोडलेली असू द्या. ऐन शेवटच्या तासात जाळी जोडत बसलात तर लव्हाळ्यातले मासे तुमच्यासाठी थांबणार नाहीत.