घोडा की उंट?

बुद्धिबळात मोहऱ्यांचं मोल असं: प्यादं १, घोडा ३, उंट ३, हत्ती ५, वजीर ९. शिकवणारा हे पहिल्याच दिवशी सांगून मोकळा होतो आणि मग नवशिका बिनधास्त मारामारी करत सुटतो. त्याचा लाडका हिशेब एफ७ वरचा (एफ ही उभी रांग, ७ ही पांढऱ्याच्या बाजूने मोजलेली आडवी ओळ). काळ्याचा किल्लेकोट झालेला असतो, म्हणजे राजा हत्तीच्या आड जाऊन बसलेला. उंटाने प्यादं मारायचं, हत्तीने उंट मारला की घोड्याने हत्ती मारायचा, राजा घोडा मारतो. ६ दिले, ६ घेतले! प्रत्यक्षात लढणारे दोन मोहरे गेले आणि बदल्यात आला अजून झोपलेला हत्ती.

रिकाम्या पटावर मध्यात घोड्याला ८ घरं मिळतात, कोपऱ्यात जेमतेम २. उंटाला मध्यात १३, कोपऱ्यातही ७. तरी नवशिक्यांच्या डावात जास्त शिकार घोडाच करतो. तिरकी रेषा सरावाने दिसू लागते. अडीच घरं मात्र ऐन वेळी निसटतात. काळ्याचा वजीर डी८ वरून फिरायला गेला की सी७ चा जोर (राखण) जातो. पांढरा घोडा तिथे येऊन ई८ च्या राजाला शह देतो. मध्ये काही घालून घोड्याचा शह अडवता येत नाही. राजा हलतो, ए८ चा हत्ती जातो. म्हणून घोडा बी५ किंवा डी५ वर आला की आधी सी७ बघा, मग आपले बेत.

उंटाचं वाटोळं बहुधा घरचेच करतात. उंट पांढऱ्या घरांचा आणि मधली प्यादीही पांढऱ्याच घरांत अडकलेली असली, की तोही प्यादंच. प्यादी काळ्या घरांत ठेवा, मग बघा.

डावाच्या शेवटी, प्यादी दोन्ही बाजूंना पसरलेली असली तर मी उंट घेईन. घोडा ए५ वर आणि उंट डी५ वर मांडून पाहा: बी७, सी६, सी४, बी३, घोड्याच्या चारही वाटा बंद. दोन्ही उंट शाबूत असतील तर जोडीचं मोल आणखी सुमारे अर्धं प्यादं धरतात. एकट्या राजावर दोन उंट मात करतात. दोन घोड्यांना ती जबरीने करता येत नाही.

पण पांढऱ्याचं एच रांगेतलं एकच प्यादं उरलं असेल, तर उंट काळ्या घरांचाच हवा. पांढऱ्या घरांचा असला आणि समोरचा राजा एच८ वर, म्हणजे प्यादं जिथे वजीर होणार त्या काळ्या घरात, जाऊन बसला, तर त्याला तिथून हुसकता येत नाही. डाव बरोबरीत.