आप्पांचं बी

आप्पांच्या माघारी आमची ही पहिली धूळवाफ पेरणी. रोहिणी नक्षत्र लागलंय, वळवाच्या पावसानं ढेकळं फुटलीत आणि येळ्ळूरच्या बाजूच्या शिवारात जिकडंतिकडं पेरण्यांची घाई चाललीय. कोरड्या मातीत भात पेरायचं आणि पुढचं मृगाच्या भरवशावर सोडायचं, ही आमच्या बेळगाव तालुक्यातली जुनी रीत. चिखल करून रोप लावणाऱ्या मुलखातला पाहुणा आला की त्याला नवल वाटतं. आप्पा त्याला बांधावर बसवून सगळं समजावून सांगायचे, हातातला चहा निवून गेला तरी.

आप्पांनी बासमती कधी सोडली नाही. आमच्याकडची जुनी बासमती उंच वाढते आणि दाणा भरताना वारा सुटला की आडवी होते. तयार व्हायला वेळ घेते आणि उताराही कमी. इंद्रायणी आली तशी आजूबाजूच्या कितीतरी जणांनी बासमतीचा नाद सोडला. आप्पांनी मात्र विहिरीकडचा तुकडा तिच्यासाठी राखून ठेवला. लोंब्या बाहेर पडल्या की बांधावरून जाताना वास यायचा, तिथं ते हमखास उभे राहायचे. पैशाचं गणित त्यांना कळत नव्हतं असं नाही. घरातला जमाखर्च शेवटपर्यंत त्यांच्याच हातात होता.

बियाण्याच्या बाबतीत ते फार काटेकोर. कापणीआधी सगळा तुकडा ओळीनं फिरून भेसळीची ताटं उपटून टाकायची, मग चांगल्या लोंब्या वेगळ्या काढायच्या. बी उन्हात घातलं की रोज दुपारी एक दाणा दाताखाली धरून बघायचे. दाणा कट्‌दिशी तुटला तर बी वाळलं, दबला तर अजून ऊन पाहिजे. पुढं दात गेले, तेव्हा हे काम नातीकडं आलं. माझी पोरगी शाळेतून आली की दप्तर टाकून तशीच अंगणात जायची. "वाजलं काय गं?" आप्पा विचारायचे. "नाही आज्जा, मऊ लागतंय." "मग राहू दे आणि दोन दिवस." घरात माझा शब्द एकवेळ मोडतील, पण तिच्या दाताचा निकाल त्यांनी कधी मोडला नाही. आम्हा भावंडांवर त्यांचा जीव होता, पण तो बोलण्यात आला नाही. नातीशी मात्र तासन्‌तास बोलायचे. भात निघाल्यावर जमिनीतल्या ओलीवर मसूर आणि हरभरा कसा येतो, राजहंसगडावर ढग टेकले की काय समजायचं, हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मला त्याचा हेवा नाही, उलट बरं वाटतं.

१ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव महाराष्ट्राकडं न येता तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं, तेव्हा आप्पा शाळकरी पोर होते. तेव्हापासूनची ती सल त्यांनी उरात जपली. १७ जानेवारीला सीमालढ्यातल्या हुतात्म्यांसाठी हुतात्मा चौक, १ नोव्हेंबरला काळा दिवस आणि १ जूनला हिंडलगा. १९८६ च्या कन्नड सक्तीविरोधी आंदोलनात जे गेले, त्यांचं स्मारक तिथं आहे. १ जून नेमका पेरणीच्या गडबडीत येतो. पेरणी अर्ध्यावर असली तरी आप्पा हातपाय धुऊन, धुतलेली टोपी घालून निघायचे. आणि याच माणसाची बैलहोंगलकडच्या एका कन्नड शेतकऱ्याशी जन्माची दोस्ती. भांगलणीला येणाऱ्या बायकांना "अक्का" म्हणून हाक मारायचे, त्यांच्याशी कन्नडातच बोलायचे. त्यांचं भांडण माणसांशी नव्हतं, हे मी पक्कं सांगू शकतो. २००४ साली महाराष्ट्रानं या सीमाभागासाठी सर्वोच्च न्यायालयात दावा लावला, तेव्हापासून पेपर आला की ते आधी निकालाची बातमी शोधायचे. निकाल न बघताच गेले. शेवटच्या आजारपणातसुद्धा, "कोर्टाचं काय झालं रे?" हे विचारणं चुकलं नाही.

बी त्यांनी कधी विकलं नाही. कोणी मागितलं की द्यायचं आणि पुढच्या सुगीला तेवढंच परत घ्यायचं, असा शिरस्ता. त्याची वही नाही की चिठ्ठी नाही. ते गेल्यावर आम्हाला वाटलं, हा व्यवहार त्यांच्याबरोबरच संपला. पण मळण्या झाल्या आणि खानापूरकडचा एक अनोळखी माणूस डोक्यावर पोतं घेऊन दारात आला. "आप्पांचं देणं हाय," म्हणाला, आणि आईच्या पाया पडला. मग आणखी काही जण आले. आई प्रत्येकाला भाकरी खाऊ घालूनच पाठवायची. कोणाकोणाला दिलं होतं, हे आम्हाला त्यांच्या येण्यातूनच कळत गेलं.

विहिरीकडच्या तुकड्यात यंदाही बासमतीच पेरली. धाकट्या भावाचं म्हणणं होतं, निम्म्यात इंद्रायणी घालू. आईनं ऐकलं नाही. परवा १ जून, पोरीला घेऊन हिंडलग्याला जायचं ठरलंय.

आणि काल शेजारच्या गावचा एक तरुण पोरगा आला, बासमतीचं बी आहे काय विचारत. पहिल्यांदाच करतोय म्हणाला. पोरीनं कणगीतून काढून त्याला मापून दिलं, वर एक मूठ जास्तच. तो गेल्यावर मला म्हणाली, "बाबा, नाव लिहून ठेवू काय?"

नको म्हटलं.