निळ्या झाकणाची नळी

आज बहिणीच्या सात वर्षांच्या मुलाला घेऊन म्हापशाहून बांबोळीला रक्त गोठण्याच्या तपासणीसाठी गेले होते. दुधाचा दात पडल्यावर दोन दिवस त्याच्या हिरडीतून रक्त झिरपत राहिले, आणि आमच्या मामाचेही गुडघे लहानपणापासून विनाकारण सुजत, हे ऐकताच डॉक्टरांनी ती करायला सांगितली होती.

रक्त घेणाऱ्या ताईंनी निळ्या झाकणाची नळी खुणेच्या रेषेपर्यंत काटेकोर भरली, कारण आतल्या सायट्रेटच्या (रक्त गोठू न देणाऱ्या द्रवाच्या) १ भागाला रक्ताचे ९ भाग हे प्रमाण बिघडले तर निष्कर्षही बिघडतो. दुपारी कळले, की प्लेटलेट (रक्तस्राव थांबवणाऱ्या पेशी) ठीक आहेत; रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणाऱ्या दोन चाचण्यांपैकी पीटी ठीक आहे, एपीटीटी मात्र लांबला आहे. निरोगी माणसाचा प्लाझ्मा (रक्तातला पेशींविना द्रव) मिसळल्यावर तो पूर्ववत झाला, म्हणजे गोठवणारा एखादा घटक कमी असावा. आता घटक ८ आणि ९ मोजायचे आहेत. तोवर रक्तस्राव वाढवू शकणारी ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन ही औषधे पूर्ण बंद.

बहीण सारखी स्वतःला दोष देत होती. हिमोफिलिया, म्हणजे यांपैकी एखादा घटक जन्मतः कमी असण्याचा आजार, निघाला, तरी आईकडून मुलाला मिळणाऱ्या एक्स गुणसूत्रावरून आलेल्या गोष्टीत आईचा अपराध कसला, हे मी तिला परतीच्या वाटेवर किती वेळा सांगितले असेल! मागच्या आसनावर पोर कोपरावरचा कापूस घट्ट दाबून बसले होते. पर्वरीजवळ त्याने तो हळूच उचलून पाहिला आणि म्हणाले, “मावशी, थांबलं गं.”